छातीवरचे सोवळे

आजी सोवळ्यात असली की आम्हा मुलांना स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायची बंदी असे. "शिवू नकोस रे मेल्या!" या तिच्या आरोळीला मी पुष्कळ हसलो आहे. गेल्या दिवाळीत ते हसणे माझ्यावरच उलटले.

हृदयाचे ठोके मंदावले, म्हणून डाव्या खांद्याजवळ, कातडीखाली, माझ्या अंगात पेसमेकर बसवला. असे यंत्र प्रथम १९५८ साली स्टॉकहोममध्ये अर्ने लार्सन या गृहस्थाला बसवले. ते काही तासांतच बंद पडले. पण पुढे यंत्रांमागून यंत्रे बदलीत हा पठ्ठ्या २००१ पर्यंत जगला! मला धीर आला.

मग डॉक्टरांनी सोवळ्याचे नियम सांगितले. चीर देण्यापूर्वी तासाभरात प्रतिजैविक टोचून, कातडी जंतुनाशकाने पुसून त्यांनी आपले सोवळे पाळले होते. आता पाळी माझी. जखम कोरडी ठेवायची, हात लावायचा नाही, तेल-मलम चोपडायचे नाही.

आणि चार दिवसांवर नरकचतुर्दशी! पहाटे आत्याबाई तेलाची वाटी आणि उटणे घेऊन उभ्या. सौभाग्यवतीने त्यांना पाटाशीच अडवले. "बिनआंघोळीचा नरकात जाशील हो!" आत्याबाई कळवळल्या. मी अंग पुसून फराळाला बसलो.

भाऊबीजेला टाक्यापाशी लाली दिसली. सणाचा विरस नको, म्हणून मी ती सदऱ्याखाली लपवली. पण बायकोच्या नजरेतून काय सुटते? आत्याबाई हळदीचा लेप कालवू लागल्या, तोवर तिने मला रिक्षात घातलेसुद्धा.

"वरवरचे आहे," डॉक्टर म्हणाले, "पण लपवलेत कशाला? जंतू यंत्रापर्यंत पोचले, तर त्यावर चिकट थर धरून बसतात. तिथे औषधाची मात्रा चालत नाही. मग यंत्र आणि हृदयात गेलेल्या तारा, सारेच काढावे लागते."

परतताना मी एक शब्द बोललो नाही. तीही बोलली नाही. फक्त माझा हात घट्ट धरून बसली होती.

आजीचे सोवळे कशासाठी होते, ते मला अजून उमगलेले नाही. माझ्या सोवळ्याचे कारण मात्र पक्के ठाऊक आहे. पुढे बॅटरी संपून यंत्र बदलायची वेळ येईल, तेव्हा ते पुन्हा पाळायचे आहे.

यंदा जखम छान भरली आहे. आत्याबाईंनी आतापासूनच मोठी वाटी काढून ठेवली आहे. दोन वर्षांचे तेल त्या एकाच पहाटे जिरवणार आहेत!