मोटरहोमच्या मागे जीप

मोटरहोम घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात लक्षात येतं, बत्तीस फुटांचं घर घेऊन दूध आणायला जाता येत नाही. कॅम्पग्राउंडवर पोचून पाणी, वीज, सांडपाण्याचा पाइप जोडला की ते बिऱ्हाड तिथून हलवणं नको वाटतं. शिवाय काही ठिकाणी ते चालतच नाही. माँटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्यावर, अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात, २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे. आणि त्या पार्कला जाऊन तो रस्ता न बघणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरून परत फिरण्यासारखं. म्हणून इथले मोटरहोमवाले एक छोटी गाडी मागे ओढत नेतात. चारही चाकं रस्त्यावर, इंजिन बंद, आत कोणी नाही.

नाशिकहून आलेल्या माझ्या दिराने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला, तेव्हा जीपच्या काचेला नाक लावून विचारलं, “वहिनी, स्टिअरिंगवर कोण बसतं?” आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढतात तेव्हा आत कोणीतरी बसलेलं असतंच. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

आमच्या दारात २०१६ ची होंडा सीआर-व्ही होती. तिलाच ओढता आलं असतं तर पुढचा खटाटोप वाचला असता. गंमत म्हणजे हीच सीआर-व्ही २०१४ पर्यंत मोटरहोमवाल्यांची लाडकी होती. ओढायच्या आधी इंजिन किती वेळ चालू ठेवायचं, गिअर कसे फिरवायचे, हे सगळं कंपनीनेच पुस्तिकेत दिलं होतं. २०१५ ला सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती मुभा गेली.

आमच्या ह्यांचं आयुष्य डेट्रॉइटच्या आसपास गिअर बनवण्यात गेलं. त्यांनी मला कारण दोन वाक्यांत सांगितलं. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकांबरोबर आतले काही भाग गरगर फिरत राहतात आणि त्यांना तेल मिळत नाही. हायवेच्या वेगाने दिवसभर असं कोरडं फिरवलं की गिअरबॉक्स जळतो, आणि त्याच्या खर्चात जुनी गाडी येते. “न्यूट्रलला टाकली म्हणजे सगळं सुटलं असं लोक समजतात,” हे म्हणाले. “इंजिन सुटतं गं. चाकं कुठे सुटतात?”

त्यामुळे गाडी निवडताना रंग, सीट, मायलेज हे सगळं मागे पडतं. हाताने गिअर टाकायच्या बऱ्याच गाड्या चालतात, पण अमेरिकेत त्या आता शोधाव्या लागतात. पूर्वी सॅटर्न नावाच्या साध्यासुध्या गाड्या निवृत्त मंडळींच्या मोटरहोममागे हटकून दिसायच्या. जनरल मोटर्सने २०१० मध्ये तो ब्रँडच गुंडाळला. उरतात त्या मुख्यतः ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागाला, वेगळा न्यूट्रल असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या. त्यांत जीप रँग्लर सगळ्यांत प्रसिद्ध.

एका वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात विक्रेत्याने आम्हाला छानशी लाल एसयूव्ही दाखवली. “न्यूट्रल आहे ना? मग बिनधास्त ओढा,” असं तो छातीठोकपणे म्हणाला. ह्यांनी काही न बोलता ग्लोव्ह बॉक्समधली पुस्तिका काढली, ‘रिक्रिएशनल टोइंग’चं पान उघडलं आणि त्याच्यापुढे धरली. चारही चाकांवर ओढू नये, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं. या बाबतीत त्या पानाखेरीज कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, मग तो विक्रेता असो की कॅम्पग्राउंडवरचा अनुभवी शेजारी. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत, दोन गिअरबॉक्सांत उत्तर बदलतं.

मग वजनाचा हिशोब. आमचं मोटरहोम फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधलेलं आहे. त्याचं स्वतःचं कमाल वजन २२,००० पौंड, म्हणजे सुमारे दहा टन. मागच्या गाडीसकट कमाल २६,०००. गाडी जोडायच्या मागच्या हिचवर मात्र ५,००० लिहिलेलं. लोक हिचवरचा आकडा वाचतात आणि खूश होतात. पण मोटरहोम काठोकाठ भरलं तर शिल्लक चारच हजार राहतात. आम्ही पाण्याची टाकी, पेट्रोल, डाळ-तांदळाचे डबे, कुकर आणि आम्ही दोघं अशा सगळ्या संसारासह ट्रक स्टॉपच्या काट्यावर गेलो. साडेवीस हजारांच्या आत भरलो, म्हणजे थोडी सवड होती. तरी चार दारांच्या रँग्लरऐवजी वापरलेली दोन दारांचीच घेतली. ती साधारण चार हजार पौंडांची. मागच्या सीटवर बसायला आमच्याकडे आता आहे कोण?

तयारीचा खर्च साडेतीन हजार डॉलरच्या घरात गेला. जीपच्या पुढच्या बाजूला, थेट फ्रेमला, बेसप्लेट बसवली. तिच्यावर दोन्ही गाड्या जोडणाऱ्या टो बारचे दोन दांडे अडकतात. टो बार सुटलाच तर जीप धरून ठेवायला दोन पोलादी केबल. मोटरहोमचे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर जीपच्या दिव्यांत उमटावेत म्हणून डायोड घालून वायरिंग. मोटरहोमचं हिच जीपच्या बेसप्लेटपेक्षा बरंच उंच असल्याने मध्ये एक अडॉप्टर घालावा लागला. टो बार जमिनीला जवळजवळ समांतर हवा. तीन-चार इंचांपेक्षा जास्त उतार असला की जोराचा ब्रेक लागल्यावर मागची गाडी पुढच्याखाली घुसू पाहते.

गॅरेजवाल्याने इथवर सगळं चोख केलं आणि ब्रेकच्या नावाने मात्र हात झटकले. “एवढं दणकट मोटरहोम आहे, मागचं ओझं जाणवणारसुद्धा नाही. ब्रेक पुढच्या वर्षी बघा.” मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. चासीचे ब्रेक मोटरहोमच्या स्वतःच्या वजनापुरते धरलेले असतात. वरच्या चार हजार पौंडांना स्वतःचा ब्रेक लागतो. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे कायदाही तेच सांगतो. आम्ही ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचा खोका घेतला. मोटरहोमचा वेग कमी होताच तो पेडल दाबतो. सोबत ब्रेकअवे स्विच: टो बार सुटलाच तर एक बारीक दोरी खेचली जाते आणि जीप आपली आपण थांबते. आणि मागचं ओझं खरंच जाणवत नाही. म्हणूनच जीपचं टायर बसलं तरी पुढे कळत नाही, नि फाटेस्तोवर घासत जातं. त्यासाठी चारही टायरांना हवेचा दाब सांगणारे सेन्सर लावले. मोटरहोमच्या सगळ्या खर्चांत मला हा सर्वांत स्वस्त वाटतो.

जोडायचं काम आम्ही दोघं करतो, आणि त्या वेळी कोणाशी बोलत नाही. जीप ह्यांनी सरळ मागे आणून लावायची. पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलला, मग ट्रान्सफर केसचा छोटा दांडा ‘एन’वर. इंजिन चालू असतानाच गिअर रिव्हर्सला टाकून ब्रेक सोडायचा, नंतर ड्राइव्हला टाकून. दोन्ही वेळा गाडी जागची हलता कामा नये. मग इंजिन बंद, गिअर पार्कला, आणि चावी स्टिअरिंग मोकळं राहील त्या खाचेत. गिअर पार्कला ठेवून गाडी ओढायची, हे ऐकून नवखे लोक दचकतात. पण ट्रान्सफर केस न्यूट्रलला असल्यावर गिअरबॉक्सपर्यंत फिरणं पोचतच नाही. शेवटी हँडब्रेक सोडायचा. पिना, क्लिपा, केबल, वायर मी हात लावून तपासते, नुसत्या नजरेने नाही. मग हे मोटरहोम वीस-तीस फूट हळू पुढे घेतात आणि मी बाजूने चालत जीपची चाकं बघते. चारही फिरली, वळणावर पुढची दोन आपोआप वळली, की मी हात वर करते.

एक गोष्ट मात्र कितीही पैसे घातले तरी जमत नाही: रिव्हर्स. थोडं मागे घेतलं की जीपची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि टो बार वाकायची वेळ येते. अडकलात तर सोडवणं हाच उपाय, आणि गाड्या तिरक्या उभ्या असतील तर पिना ताणून बसतात, हातोडीने ठोकाव्या लागतात. त्यामुळे पेट्रोल पंप दिसला की ह्यांच्या आधी मी बघते, शिरलो तर पुढून बाहेर पडता येईल का. नसेल तर “चला पुढे” म्हणते. गॅलनमागे वीस सेंट कमी असले तरी.