तीन मिनी मोटारी, दोन सिनेमे आणि तुरिन

मैत्रिणींनो, इटलीला जाऊन आलेल्या बायका रोमचं वर्णन करतात, व्हेनिसचं करतात. मी जाऊन आले तुरिनला, आणि तेही एका चोरीच्या मागावर! दचकू नका. चोरी सिनेमातली आहे, नि ती होऊन पन्नासाहून जास्त वर्षं उलटली आहेत.

त्याचं असं झालं. आमच्या ह्यांना पुण्याच्या कंपनीनं सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी तुरिनला पाठवलं. मी आठवी-नववीला अर्धवेळ इतिहास शिकवते, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी लागताच मी आणि आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव बारा दिवसांसाठी तिथे दाखल झालो. हे सकाळी सातलाच बाहेर पडत. जाताना रोजचं पालुपद ठरलेलं, "फार लांब जाऊ नका हं, तुला रस्ते कळत नाहीत." मला रस्ते कळत नाहीत हे आमच्या घरातलं सर्वमान्य सत्य आहे. माहेरीही तेच होतं. बाबांची प्रीमियर पद्मिनी होती. आम्ही सगळे तिला फियाटच म्हणत असू. दादाला अठरावं लागल्याबरोबर त्यांनी ती चालवायला शिकवली. माझ्या वाट्याला मागची खिडकी! फियाट या नावातला शेवटचा 'टी' म्हणजे तोरिनो, म्हणजे हेच गाव, हे मला इथे आल्यावर कळलं.

पहिल्या रविवारी बाहेर पाऊस होता. हे म्हणाले, या गावात एक मजेदार सिनेमा झालाय, तो पाहू. तो १९६९ सालचा 'द इटालियन जॉब'. मायकेल केन त्याचा नायक. इंग्लंडातले चोर तुरिनमध्ये येतात, वाहतुकीचे दिवे सांभाळणाऱ्या संगणकात गडबड करून सगळ्या शहराची कोंडी करतात आणि चाळीस लाख डॉलरचं सोनं लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा तीन चिमुकल्या मिनी मोटारींत घालून पळतात. मोठ्या गाड्या जागच्या जागी अडकलेल्या आणि या तिघी कमानींखालून, जिन्यांवरून, छपरांवरून सुसाट! शेवटी सगळे चोर बसमध्ये बसून आल्प्सच्या घाटात येतात, तर बस कठड्याबाहेर अर्धी लोंबकळते. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला सोनं. आणि तिथेच सिनेमा संपतो! चिरंजीवांनी एवढा आरडाओरडा केला की शेजारीण दार वाजवते की काय असं वाटलं. ते सोनं कसं काढायचं यावर इंग्लंडातल्या रसायनशास्त्राच्या एका संस्थेनं पुढे स्पर्धासुद्धा घेतली होती, म्हणजे चैन न पडणारे आम्हीच नव्हतो.

मग त्याची समजूत काढायला दुसऱ्या रात्री २००३ सालची नवी आवृत्ती लावली. आता रीमेक म्हटलं की माझं नाक आधीच मुरडलेलं असतं. आईच्या हातच्या आमटीची सर दुसऱ्या आमटीला यायची नाही, हे आपण चाखण्याआधीच ठरवून टाकतो, तसंच. पण खरं सांगते, या सिनेमानं मला जागेवरून उठू दिलं नाही. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

कथा बरीच बदलली आहे. सोनं पळवतात ते व्हेनिसच्या पाण्यातून, होड्यांतून. मग त्यांच्यातलाच एक जण फितूर होतो, म्हाताऱ्या तिजोरीफोड्याला गोळी घालतो आणि सोनं घेऊन पसार होतो. उरलेला सिनेमा लॉस एंजलिसमध्ये, त्या सोन्याच्या आणि सूडाच्या पाठलागात. म्हणजे ज्या तुरिनसाठी आम्ही डोळे लावून बसलो होतो ते यात औषधालाही नाही! मिनी आहेत, वाहतूक कोंडी आहे, पण पळापळ होते ती भुयारी रेल्वेच्या बोगद्यांतून. त्या बोगद्यांत पेट्रोलच्या गाड्यांना मनाई होती, म्हणून चित्रणासाठी विजेवर चालणाऱ्या मिनी खास तयार करवून घेतल्या होत्या.

पण या सिनेमात एक बाई आहे. जुन्या सिनेमात बायका आहेत त्या नुसत्या शोभेच्या, ओळीनं मांडून ठेवलेल्या. नव्यात शार्लीझ थेरॉन ही मारल्या गेलेल्या म्हाताऱ्याची मुलगी. ती पोलिसांसाठी तिजोऱ्या उघडून देते, सगळं यंत्रांच्या मदतीनं. बाप मात्र हाताच्या बोटांनी उघडायचा. शेवटी ऐन वेळी यंत्र बाजूला ठेवून तिला बापाच्या पद्धतीनं, नुसत्या स्पर्शानं कुलूप उघडावं लागतं. त्या प्रसंगाला माझा घसा दाटून आला. आणि लाल मिनी तीच चालवते, तीही कशी! बोगद्यात वळण घेताना तिचा चेहरा भाजी चिरणाऱ्या बाईइतका शांत.

अब्बास-मस्ताननी २०१२ साली यावरूनच 'प्लेयर्स' काढला. रशियातली आगगाडी, न्यूझीलंड, अभिषेक बच्चन, गाणी, सगळं आहे, आणि पावणेतीन तासांची लांबी. चोरीच्या सिनेमात चोर नाचायला थांबले की पोलिसांचीच दया येते. असो.

मंगळवारी सकाळी हे गेल्यावर मी चिरंजीवांना म्हटलं, "चल, मिनी जिथून गेल्या तिथून जाऊ." वाटेचा नकाशा मी रात्री वहीच्या पानावर काढून ठेवला होता. फोनमध्ये नकाशा असतो हे मलाही ठाऊक आहे, पण मला ती वाट डोक्यात हवी होती.

पियात्सा कास्तेलो या मुख्य चौकातून निघालो. तिथून विया पो नावाचा रस्ता सरळ नदीकडे उतरतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना कमानींच्या लांबच लांब ओसऱ्या. भर पावसात छत्रीशिवाय चालावं, अशा. त्या ओसऱ्यांखाली उभं राहिलं की जुन्या सिनेमातली गंमत उलगडते. मोठी गाडी इथे शिरणारच नाही. मिनी मात्र अंग चोरून निघते. ती युक्ती चोरांना शहरानंच सुचवली होती! लॉस एंजलिसच्या पळापळीत वेग आहे, पण हे नातं नाही. पूल ओलांडला की समोर ग्रान माद्रेचं चर्च, खांबांच्या दर्शनी भागाचं. याच पायऱ्यांवरून मिनी लग्नाच्या वऱ्हाडासमोर धडधडत उतरतात. चिरंजीवांनी त्या तोंडानं भुर्रर्र करत तीनदा उतरून दाखवल्या. जवळच पो नदीचा बंधारा आहे. मोटारी तोही ओलांडतात.

लिंगोत्तोला जायला मात्र मेट्रो. पोर्ता नुओवा स्थानकावर मी मोठ्या आत्मविश्वासानं उलट्या दिशेच्या गाडीत बसले. पोर्ता सुसा आलं तेव्हा लक्षात आलं. पोटात गोळा आला. वाटलं, बरोबरच म्हणतात घरचे. ह्यांना फोन लावायला हातही गेला होता. पण चिरंजीव म्हणाले, "आई, पलीकडच्या फलाटावरून परत जाऊ ना!" इतकं सोपं. गेलो.

लिंगोत्तो म्हणजे फियाटचा जुना कारखाना, १९२३ साली पुरा झालेला. कच्चा माल तळमजल्यावर घ्यायचा, मजल्या-मजल्यानं मोटार वर चढवायची आणि पाचव्या मजल्याच्या वर, छपरावरच्या रस्त्यावर ती चालवून बघायची! १९८२ साली कारखाना बंद झाला. आता खाली दुकानं आहेत, वर चित्रसंग्रहालय, आणि त्या रस्त्याच्या कडेनं २०२१ पासून बाग केली आहे. तिकीट काढून आम्ही वर गेलो. दोन्ही टोकांना रस्ता भिंतीसारखा उभा चढतो, जत्रेतल्या मौत का कुआँसारखा. सिनेमात तिथे दिसलेल्या त्या तीन मिनी नि मागे पोलिसांची गाडी मला उगीचच ऐकू यायला लागली. लांबवर आल्प्सची बर्फाची रांग.

"आई, तू चालवशील इथे?" चिरंजीवांनी विचारलं. माझं लायसन्स कपाटात आहे, लग्नाच्या फाईलमध्ये. मी त्याला तसं सांगितलं नाही. "आधी आपल्या सोसायटीतून बाहेर काढते," म्हटलं.

तुम्ही विचाराल, दोन्हींतला पाहू कोणता? घरात मुलं असतील तर आधी नवा लावा. सगळ्यांची करमणूक होते, शेवटही नीट आहे. जुना मागून पाहा, आणि तुरिनला जाणार असाल तर जाण्याआधी पाहाच.

संध्याकाळी हे आले. चिरंजीवांनी सगळा वृत्तान्त दिला, अगदी उलट्या गाडीसकट. जेवताना ह्यांनी माझी वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "शनिवारी सुट्टी आहे. मलाही त्या छपरावर जायचंय. कसं जायचं ते सांग."

मी म्हटलं, "सांगत नाही. माझ्याबरोबर चला."