गावाचे नाव कोणास विचारावे?

गेल्या महिन्यातील गोष्ट. गिरगावातील आमच्या चाळीच्या गॅलरीत आम्ही सकाळी पंचांग चाळीत बसलो होतो. खाली महानगरपालिकेची कचऱ्याची गाडी उभी राहिली. तिच्यावरील चिन्ह पाहून पाचवीतील नातवाने विचारले, "आजोबा, ह्या गाडीवर संस्कृत कसे?"

आम्हांस मोठा आनंद झाला. पालिकेचे बोधवाक्य महाभारतातले. जेथे धर्म तेथे जय, हा त्याचा आशय. आम्ही त्यास संधी सोडवून दाखविला. बोरीबंदरासमोर १८९३ साली पुरी झालेल्या पालिकेच्या इमारतीवर लॅटिन बिरुद आहे, 'हिंदुस्थानातील पहिली नगरी' असा त्याचा अर्थ, हेही सांगितले. त्या बिरुदात थोरवी आहे. संस्कृत वचनात अट आहे. अटच नगरीस अधिक शोभते, असे आम्ही म्हणालो.

"आणि मुंबई हे नाव कोठून आले?" त्याने पुढे विचारले, आणि आम्ही क्षणभर गप्प झालो.

दादरच्या एका शाळेत आम्ही शिकवीत असता, 'बाँबे' म्हणजे पोर्तुगीज 'बोम बाहिया', अर्थात चांगला उपसागर, असे वर्षानुवर्षे सांगत आलो. एकदा वरळी कोळीवाड्यातील एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, माझी आजी सांगते, मुंबाआई आम्हां कोळ्यांची देवी, तिच्यावरनं नाव पडलं." आम्ही म्हणालो, "आजीच्या गोष्टी घरी." वर्ग हसला. त्या मुलाने आमच्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाही.

सेवानिवृत्तीनंतर सवडीने वाचू लागलो, तेव्हा आमची चूक कळली. संस्कृताप्रमाणेच पोर्तुगीज भाषेतही विशेषण विशेष्याचे लिंग घेते. 'बाहिया' स्त्रीलिंगी; तेव्हा तेथे 'बोआ' हवे, 'बोम' हे पुल्लिंगी रूप चालावयाचे नाही. 'सुंदरः नदी' लिहिणाऱ्या मुलांचे गुण ज्याने जन्मभर कापले, त्याच्या हे ध्यानी येऊ नये! पोर्तुगीज कागदांतील 'बोंबाईं' हा मुंबईचाच उच्चारभेद मानणे सयुक्तिक. मुंबादेवीचे देऊळ पूर्वी बोरीबंदराच्या बाजूस होते. पुढे ते भुलेश्वराजवळ आले.

१६६१ साली इंग्लंडच्या राजाच्या विवाहकरारात हे बेट आंदण म्हणून ठरले. १६६८ साली सालीना १० पौंड खंडाने ते कंपनीकडे गेले. मालक बदलले, प्रत्येकाने आपापल्या जिभेस येईल तसे नाव लिहिले. येथे जाळी टाकणारांस मात्र कोणी विचारले नाही. त्यांच्या तोंडी मुंबई होती ती मुंबईच राहिली. फणसवाडी, चिंचपोकळी, उंबरखाडी ही नावेही दरबारी कागदातून आलेली नव्हेत. झाडाखाली राहणारांनी ती ठेविली. १९९५ साली सरकारने इंग्रजीतही 'मुंबई' केले, तेव्हा त्या आजीचेच म्हणणे मान्य झाले.

हे सारे आम्ही नातवास सांगितले. त्या मुलाची हकीकतही लपविली नाही. त्याने विचारले, "मग तुम्ही त्याची माफी मागितलीत?"

"नाही, बाळ," एवढेच आम्ही म्हणू शकलो.

तो मुलगा आज प्रौढ गृहस्थ असेल. हा अंक त्याच्या घरी गेला, तर हे चार शब्द त्याने आपल्या आजीच्या वतीने स्वीकारावेत. आणि वाचकहो, आपल्या घरचे मूल आजीची गोष्ट सांगू लागले, तर ती पुरती ऐकून घ्यावी. व्याकरण मागाहून पाहता येते.