मोतीचं ताट



मागच्या चातुर्मासात माझ्या हातून एक चूक झाली. सांगायला लाज वाटते, पण हल्ली आपल्या बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टानं कुत्रं आलंय, म्हणून सांगतेच.

माझी लेक नांदेडला तरोड्याकडे राहते. दोन वर्षांपूर्वी भर पावसात त्यांच्या जिन्याखाली एक पिल्लू येऊन बसलं. नातवानं उचलून घरात आणलं आणि मोती नाव ठेवलं. सासूबाई लातूरहून फोनवर म्हणाल्या, "अगं, ते मांस खाणारं जनावर. श्रावकाच्या घरात कसं चालेल?" पण दारी आलेल्या जिवाला हाकलायचं तरी कसं? मोती राहिला. वरण-भात, दूध-भाकरी, दही खाऊन वाढला.

मी लेकीकडे गेले की शेजारच्या बाई हटकून म्हणायच्या, "मावशी, कुत्र्याला मटण लागतंच. उपाशी मारताय तुम्ही त्याला." ते मनाला लागलं. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मुक्या जिवाचं अन्नपाणी अडवणं हाही दोषच. पाठशाळेत घोकलेला तो शब्द रात्री झोपू देईना. मांस घरात येणार नाही हे पक्कं. मग मोतीचं अन्न मीच अडवतेय का?

तोडगा दुकानात सापडला. शाकाहारी कबाब, चव म्हणे मटणासारखी. पाकिटावर मागे कांदा-लसणाची पूड लिहिली होती. मी वाचली, हे कबूल करते. पण मनात म्हटलं, आपला कंदमुळांचा त्याग. कुत्र्याला कुठं आलाय नियम? वेगळा तवा काढला, गॅलरीत शेगडी मांडली आणि रोज त्याला चार-पाच कबाब घालू लागले. मोती ताट चाटून पुसून ठेवायचा. मला धन्य वाटायचं.

आठ-दहा दिवसांत तो मलूल झाला. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला की धापा टाकायचा. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. जावईबापूंनी तसंच उचलून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. हिरड्या पाहून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कांदा-लसूण काही खाल्लंय का?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. कांदा-लसणातल्या काही द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, कसाही असो, अपाय होतोच. वजनाच्या अर्धा टक्का कांदासुद्धा पुरतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला पन्नास ग्रॅम. लसूण त्याहून तीव्र, आणि वाळवलेली पूड तर अर्कच. थोडं थोडं रोज पोटात गेलं तरी साठत जातं, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. सलाईन लागलं, रक्ताच्या तपासण्या झाल्या. मोती वाचला, पण पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी विचार करत होते. आपण कंदमूळ सोडतो ते त्यातल्या अनंत जीवांसाठी, कुत्र्याच्या रक्तासाठी नव्हे. उगाच त्याला विज्ञानाचा मुलामा देऊ नये. पण माझ्या रोजच्या चुलीवरचं साधं अन्न त्याला सोसत होतं, आणि मी मुद्दाम वेगळा तवा मांडून त्याला वीष चारलं, हे खरं.

मग सोयाबीनच्या वड्या चालतात का, हे मी तिथंच विचारलं. आपलं लातूर म्हणजे सोयाबीनचंच गाव. बियांतून तेल काढलं की उरलेलं पीठ उष्णतेवर दाबून वड्या करतात. त्यात निम्मी प्रथिनं असतात. डॉक्टर म्हणाले, "चालतात, पण साध्या." मसाल्याची पुडी टाकून द्यायची. वड्या भरपूर पाण्यात चांगल्या उकळायच्या, पिळून पाणी फेकायचं, बारीक करायच्या. मीठ, मसाला, फोडणी नाही. भातात मूठभर, त्याहून जास्त नको, नाहीतर पोटात वायू धरतो. कच्चं सोयाबीन मात्र कधीच नाही. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, तो शिजवल्यावरच जातो. एखाद्याला सोयाची खाज सुटते, म्हणून आधी थोडं देऊन पाहायचं.

आणि मटणाशिवाय कुत्रं जगतं का? जगतं. माणसाच्या सोबतीनं राहून कुत्र्याला धान्य पचवायची ताकद आली आहे. 2013 साली शास्त्रज्ञांनी ते त्याच्या जनुकांतही दाखवून दिलं. मांजराचं तसं नाही, त्याला मांसातले काही घटक लागतातच. म्हणून शाकाहारी घरानं मांजर पाळण्याआधी दहादा विचार करावा. पण कुत्र्यालाही नुसता वरण-भात आणि वड्या पुरत नाहीत. कॅल्शियम, बी-12, काही अमिनो आम्लं कमी पडतात. म्हणून आता मोतीला 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं शाकाहारी कोरडं खाद्य असतं, वरून थोडा भात, दही, वडी. दर सहा महिन्यांनी तपासणी. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या गोळ्या त्याच्यापासून लांब. मंदिरातून आलेल्या सुक्या मेव्यातली मनुकासुद्धा नातू आता आधी वेचून काढतो.

सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी यशोधर राजाची गोष्ट काढली. पिठाचा कोंबडा करून त्यानं बळी दिला. जीव एकही मेला नाही, तरी भाव मारण्याचाच होता. मग पुढच्या भवात राजा मोर झाला आणि त्याची आई कुत्रा. "तू मटणाचा आकार आणि मटणाची चव शोधत होतीस," त्या म्हणाल्या. "मोतीनं कधी मागितलं होतं का गं? त्याला पोट भरायचं होतं. मटण तुझ्या मनात होतं."

मी गप्प बसले. खरंच, शेजारणीच्या बोलण्यानं माझाच जीव टोचत होता, आणि तो शांत करायला मी मोतीचं ताट वापरलं. अन्नपाननिरोध म्हणजे फक्त उपाशी ठेवणं नव्हे. काय घालतोय हे न पाहता घालणं हाही त्याच दोषाचा भाऊ, असं मला आता वाटतं. मी गुरुमहाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त घेतलं.

दिवाळीत सासूबाई माझ्यासोबत नांदेडला आल्या. मोतीनं त्यांचे पाय हुंगले. त्यांनी पदर आवरला, पण हाकललं नाही. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत त्यांनीच विचारलं, "त्याचं झालं का जेवण?" मग त्याच्याजवळ बसून णमोकार म्हटला. जीवंधरानं मरत्या कुत्र्याला णमोकार ऐकवला आणि तो यक्ष झाला, ही कथा त्यांनीच नातवाला सांगितली. मोती कान टवकारून ऐकत होता.

तुमच्या घरी असा एखादा जीव असेल, तर आज पाकीट उलटून मागचं नक्की वाचा. जय जिनेंद्र.