ओसरीवरची दिंडी

वारकऱ्याचे भजन गळ्याने होते, त्याहून अधिक ते कानाने होते. शेजाऱ्याचा टाळ कुठे पडतो ते ऐकायचे आणि आपला तिथेच टाकायचा. त्याचा सूर चढला तर आपणही थोडे चढायचे, तो दमला तर चरण आपण ओढून न्यायचा. गेली तीस-बत्तीस वर्षे मी नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यातल्या खेड्यांत भजनी मंडळांना चाली बसवून देतो आहे. शाळेची नोकरी होती तोवर रविवारी, निवृत्तीनंतर जमेल तेव्हा. या सगळ्या काळात मी शिकवले काय, असे कोणी विचारले तर सूर-ताल दुसऱ्या क्रमांकावर येतील. पहिले हेच, की गाताना दुसऱ्याला ऐका.

२०२० च्या मार्चमध्ये नेमके हेच बंद झाले. १७ मार्चला पंढरीच्या मंदिराचे दार भाविकांसाठी मिटले. आठवड्याभरात आमच्या गावातले हनुमानाचे देऊळही मिटले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाची बातमी तेव्हा वाचनात आली. १० मार्चला एकसष्ट माणसे तालमीला जमली होती. त्यांतल्या पन्नासहून अधिक जणांना आजार झाला आणि दोघे गेले. ती बातमी वाचून मी पेटीचा भाता बंद केला. नाम घेताना तोंडातून निघणारा श्वासच शेजाऱ्याला अपाय करील, हे मनाला पटायला वेळ लागला.

दूर राहणे आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना तसे नवे नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ वाढले, तेव्हापासून दिवस मावळल्यावर शेजारच्या गावी भजनाला जाणे कमीच झाले होते. तिकडे गडचिरोलीत पावसाळ्यात नाले भरले की कितीतरी गावे जगापासून तुटतात. पण ते तुटणे गावागावांतले. एकाच गल्लीतली दोन घरे तुटावीत, असे कधी घडले नव्हते.

त्यात आमचे अकरा जण घरीच नव्हते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून फेब्रुवारीत हजारो माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. धान एकदा निघाले की इथे हाताला काम नसते. आमच्या मंडळातले खंजेरी वाजवणारे, दोन टाळकरी, त्यांच्या घरच्या बायका, असे अकरा जण खम्मम भागात अडकले. गाड्या बंद, मुकादम बेपत्ता, शेतातच पालात मुक्काम. संध्याकाळी त्यांच्यातला एक जण रेंज शोधत बांधावर यायचा आणि फोन करायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी खंजेरीवाले म्हणाले, "गुरुजी, काई बोलू नोका आता. भजन मना."

म्हणून आम्ही फोनवर भजन करून पाहिले. ज्यांनी हा प्रयोग केला असेल त्यांना पुढचे सांगायला नको. मी इकडे ध्रुवपद म्हणावे, तिकडून त्यांनी झेलावे, तर त्यांचा झेल माझ्या पुढच्या चरणावर येऊन आदळायचा. मी त्यांच्यासाठी थांबलो की ते माझ्यासाठी थांबत. दोन आवर्तनांत लय अशी मंदावे की अभंगाचे अंगाईगीत होई. फोनमधून आवाज पलीकडे जाऊन परत यायला अर्धा सेकंद सहज लागतो. चढत्या भजनात दोन टाळांमध्ये साधारण तेवढेच अंतर असते. म्हणजे त्यांचा टाळ नेमका एका मात्रेने चुकणार. यात कोणाचाच दोष नव्हता, पण गाणाऱ्याचा जीव कासावीस होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही तो नाद सोडला.

मात्र हा हिशेब डोक्यातून जाईना. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. दिंडी शंभर मीटर लांब असली तर पुढच्याचा टाळ मागच्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने उशिरा ऐकू येणार. म्हणजे जी अडचण फोनवर, तीच वारीच्या वाटेवर. मग एवढी मोठी पालखी चालते कशी? चालते, कारण वारीने सगळ्यांसाठी एक ताल कधी मागितलाच नाही. प्रत्येक दिंडीची वीणा वेगळी, मृदंग वेगळा, टाळकऱ्यांच्या ओळी वेगळ्या. एक दिंडी एका चरणावर, तिच्या मागची दुसऱ्याच अभंगावर. सगळ्यांना एक करणारा क्षण मुक्कामाच्या तळावर येतो. समाजआरतीला चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. पाश्चात्त्य गायनवृंदापुढे हातात छोटी काठी घेऊन उभा राहणारा संचालक मी चित्रांत पाहिला आहे. आमचा चोपदार दंड उचलतो तो गाणे सुरू करण्यासाठी नव्हे, शांतता करण्यासाठी. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

याच विचारात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नव्याने दिसले. आमच्याकडे त्यांचे भजन घरोघरी आहे, म्हणूनच त्यांच्याकडे रचनाकार म्हणून पाहायचे राहून जाते. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेला माणिक, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा शिष्य, आमच्या चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात तपाला राहिला. तिथून बाहेर आला तो हातात खंजेरी घेऊन. खंजेरीच का, याचे उत्तर वाजवणाऱ्याला कळते. पेटी-तबला मांडावा लागतो, त्याला बैठक लागते. खंजेरी एका हातात मावते, चालता-चालता वाजते, आणि ताल देणारा हातच लोकांना कधी उचलायचे, कधी थांबायचे हे दाखवतो. शब्द सोपे, चाल अशी की दुसऱ्यांदा ऐकताच गर्दी म्हणू लागेल. ज्याला हजारो अनोळखी, अशिक्षित गळे एकत्र गाववायचे आहेत, त्याने केलेली ही योजना आहे.

१६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. त्याआधी महाराजांच्या भजनांनी तो मुलूख किती ढवळला होता, हे जुनी माणसे सांगत. पुढे इंग्रजांनी चिमूरची नाकेबंदी केली, तिथल्या अत्याचारांच्या बातम्या बाहेर पडू देईनात. प्राध्यापक भन्साळींना त्यासाठी त्रेसष्ट दिवस उपोषण करावे लागले. महाराजांना २८ ऑगस्टला चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून डिसेंबरात सोडले. म्हणजे गाववणारा गजाआड आणि गाणारे वेढ्यात. अशा वेळी भजन टिकते कशावर? माझ्या समजुतीप्रमाणे ते नायकावर नाही, वेळेवर टिकते. त्यांनी गावोगावी रुजवलेल्या सामुदायिक प्रार्थनेची मांडणी पाहा. सूर्यास्ताची वेळ ठरलेली. समोर मूर्ती नाही, एक स्वच्छ आसन. ओळीने बसायचे, तेच शब्द, तीच चाल. ग्रामगीतेच्या एक्केचाळीस अध्यायांत त्यांनी या प्रार्थनेला स्वतंत्र अध्याय दिला आहे. मोझरीत जे चालले आहे तेच त्याच घटकेला कोरचीच्या एखाद्या पाड्यात चालले असते. कोणी कोणाला ऐकत नसते, पण चालले आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते.

एप्रिलच्या अखेरीस आमचे अकरा जण परतले. कितीतरी वाट पायी, जंगलातून, तळपायाची साल निघालेली. त्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवले. गावात कुजबुज होती. ही माणसे आजार घेऊन आली, त्यांना गावाबाहेरच ठेवा, असे म्हणणारेही होते, आणि त्यांत माळकरीही होते. पहिल्या दिवशी सूर्य मावळताना शाळेच्या ओसरीवरून खंजेरी वाजली. आवाज बेताचाच होता. मी घराच्या ओसरीवर आलो आणि त्यांचे चरण संपल्यावर ध्रुवपद म्हटले. माझ्यापुढचे घर गप्प राहिले. त्यापुढच्या घरातून एका म्हातारीने उचलले.

चौदा दिवस हे चालले, आणि त्यातून चाल बसवण्याची वेगळीच रीत हाती आली. एकाच वेळी सगळ्यांनी म्हणणे शक्य नव्हते, तेव्हा मी गाणे गल्लीतून चालवायचे ठरवले. शाळेने चरण म्हणायचा. पहिल्या घराने त्याचा शेवटचा शब्द ऐकला की ध्रुवपद घ्यायचे, ते संपले की पुढच्या घराने. द्रुत चाली सगळ्या बाजूला ठेवल्या. ताल नाहीच. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक स्वर लांबवायचा, म्हणजे मागचे घर अजून स्वर धरून असताना पुढचे सुरू झाले तरी ते विसंगत वाटू नये. त्यासाठी षड्ज आणि पंचम यांवरच ओळी सोडल्या. ऐकायला उशीर होतो तो चुकवायचा नाही, त्यालाच चालीत जागा द्यायची. सोळा घरांतून ध्रुवपद पार बोडीच्या काठापर्यंत जायला तीन-चार मिनिटे लागत. शेवटच्या घरातून घंटा वाजली की शाळेने पुढचा चरण घ्यायचा. गप्प राहिलेले ते एक घर सातव्या दिवशी सामील झाले. कोणी त्यांना काही म्हटले नव्हते. त्यांच्यापाशी येऊन गाणे रोज अडखळत होते, एवढेच.

आमच्या शेजारच्या गोंड-माडिया वस्त्यांत रेला गातात, त्यात एक ओळ एका बाजूने म्हणते आणि दुसरी बाजू ती उचलते. बायका हातात हात गुंफून गातात, तो भाग तेव्हा शक्य नव्हता. पण उचलून घेण्याची ती सवय इथल्या मातीत आहे, म्हणून माझे काम सोपे झाले असावे.

आषाढी १ जुलैला आली. ३० जूनला माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला निघाल्या, ते सगळ्यांनी डोळे पुसत पाहिले. मंडळातल्या तरुणांनी एकादशीसाठी नवी कल्पना काढली. प्रत्येकाने आपल्या घरी मोबाइलवर एकच अभंग म्हणून पाठवायचा, मग ते सारे जोडायचे. एरिक व्हिटाकर नावाच्या अमेरिकन रचनाकाराने २०१० मध्ये बारा देशांतले एकशे पंच्याऐंशी आवाज असे जोडले होते. २०२० मध्ये त्याच्या वृंदात एकशे एकोणतीस देशांतले सतरा हजारांवर लोक होते. काम अफाट आहे. पोरांनीही झकास जमवले, अगदी स्वच्छ सुरात. ते ऐकून आमच्या मंडळातल्या मावशी, ज्यांना कमी ऐकू येते आणि ज्या चाळीस वर्षे अर्ध्या मात्रेने मागे गात आल्या आहेत, मला म्हणाल्या, "गुरुजी, येच्यात मी कोठी हाव?"

त्या त्यात नव्हत्या. लयीत बसेना म्हणून जोडणाऱ्याने त्यांचा आवाज काढला होता. पोरगा भला, त्याने दुसऱ्या दिवशी तो परत घातला. पण माझे मन त्या रीतीवरून तेव्हाच उतरले. तिथे प्रत्येक जण एकटा, कानात यंत्र घालून गातो. शेजाऱ्यासाठी वाकायची वेळ त्याच्यावर येत नाही, कारण शेजारी त्याला ऐकूच येत नाही. चुकलेला पुसता येतो. ओसरीवरच्या भजनात मावशींचे घर आले की पुढचे घर अर्धी मात्रा जास्त थांबायचे.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये खंजेरीवाले गेले. प्राणवायू वेळेवर मिळाला नाही. देह गावात आलाच नाही. आमच्याकडे माणूस गेला की भजनी मंडळ टाळ-मृदंगासह स्मशानापर्यंत जाते, आणि या माणसाने तर गावातल्या कित्येकांना आपल्या खंजेरीने पोचवले होते. त्यांच्यासाठी मी नवी चाल केली नाही. शाळेच्या ओसरीवरची तीच पुन्हा घेतली. फरक एवढाच, की चरण म्हणायला कोणी नव्हते. तेव्हा चरणाच्या जागी तेवढा वेळ सगळ्या गल्लीने गप्प राहायचे आणि मग ध्रुवपद उचलायचे, असे ठरले. सोळाच्या सोळा घरे थांबली. मावशीही बरोबर तेवढ्याच थांबल्या.

असे थांबणे आम्हाला गुरुकुंजाने आधीच शिकवले होते. महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ ला देह ठेवला, त्या चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांच्या क्षणी दर पुण्यतिथीला मोझरीत लाखोंचा समुदाय मौन उभा राहतो. २०२० च्या नोव्हेंबरात आम्हाला तिथे जाता आले नाही, म्हणून तो क्षण आम्ही आपापल्या दारात पाळला होता. खंजेरीवाले तेव्हा होते, खंजेरी छातीशी धरून उभे होते.

२०२१ च्या घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला, देवळे पुन्हा उघडली. आता मंडळ देवळात बसते, चाली पुन्हा चढत्या झाल्या आहेत, स्पर्धांची आमंत्रणे येतात. खंजेरी त्यांची सून वाजवते. तिचा हात सासऱ्यापेक्षा थोडा जड आहे, पण बसेल. गुरुवारी मात्र बायकांचा आग्रह असतो की भजन ओसरीवरच व्हावे. त्या दिवशी मी शाळेपाशी उभा राहून चरण देतो. तेव्हाचा एक चरण अजून तसाच गप्प ठेवतात, आणि गावात नवीन आलेली सून किंवा जावई त्या जागी गोंधळून इकडे-तिकडे पाहू लागतो.