दोष नेमका कुठे?

चौतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी एक वाक्य वहीत लिहायला लावीत असे : ‘एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे.’ निवृत्तीनंतर हे वाक्य मी स्वतः किती पाळतो, याची परीक्षा एका जुन्या लॅपटॉपने घेतली. त्या परीक्षेत मी आधी नापास झालो आणि त्याची झळ मात्र दुसऱ्यालाच लागली, म्हणून हे लिहावेसे वाटले.

लॅपटॉप 2012 साली घेतलेला. दहा वर्षे त्याने इमानाने सेवा केली. मग काम करता करता पडदा अचानक निळा होऊ लागला, यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. त्याच वर्षी भाचीची मुलगी महाविद्यालयात जाणार होती. यंत्र धडके करून तिला द्यावे, असे मी ठरवले. आतले सगळे फोटो एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. त्यांत आईच्या पंचाहत्तरीचे फोटो होते. आई आता नाही, त्यामुळे त्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

आमच्या गल्लीच्या टोकाला संगणकदुरुस्तीचे छोटे दुकान आहे. ते चालवणारा तरुण माझ्या एका विद्यार्थ्याचा मुलगा. त्याने विंडोज 10 नव्याने टाकण्यासाठी पेन ड्राइव्ह तयार करून दिला आणि म्हणाला, “सर, जुनी हार्ड डिस्क पुसू नका. ती काढून बाजूला ठेवू आणि नवी एसएसडी बसवू.” त्याला विक्री करायची आहे, अशी शंका माझ्या मनात आली. तरी पैसे दिले, कुरकुरत दिले.

घरी येऊन काम सुरू केले. फाइली उतरत होत्या, टक्केवारी वाढत होती, आणि मध्येच संदेश आला : आवश्यक फाइल खराब आहे किंवा सापडत नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मी दुकानात गेलो. त्याने माझ्यासमोर पेन ड्राइव्ह नव्याने तयार केला. मूळ फाइलची बेरीज, म्हणजे चौसष्ट अक्षर-अंकांची जी ओळख असते ती, पडताळून दाखवली. घरी पुन्हा तोच संदेश. तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला. दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याला म्हणालो, “तुझ्या वडिलांना मी प्रामाणिकपणा शिकवला होता. तुला हलका माल देऊन पैसे काढायला कुणी शिकवले?” तो काही बोलला नाही. त्याने तोच पेन ड्राइव्ह दुकानातल्या दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला. तिथे सारे सुरळीत झाले. ते पाहूनही मी तसाच निघून आलो.

त्या रात्री झोप आली नाही. उठून वही काढली. सवयीने प्रत्येक वेळी यंत्र कुठे थांबले, तो आकडा मी टिपला होता, पण वाचला मात्र नव्हता. 27 टक्के, 61 टक्के, 14 टक्के, 48 टक्के. पेन ड्राइव्हवरची फाइल खरोखर खराब असती, तर यंत्र दर वेळी साधारण त्याच ठिकाणी अडखळले असते. इथे दर वेळी जागा निराळी. म्हणजे दोष फाइलीत नव्हता. फाइल ज्या वाटेने जाते त्या वाटेत होता.

ती वाट अशी : पेन ड्राइव्हवरील दाबून बसवलेल्या फाइली आधी यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये येतात, तिथे उलगडतात, ताडून पाहिल्या जातात आणि मग डिस्कवर लिहिल्या जातात. रॅमचा एखादा कोपरा बिघडला असेल, तर चांगली फाइलही तिथे आल्यावर बिघडते. यंत्राला मात्र आपली स्मृती नासली आहे हे कळत नाही. ते फाइलीला दोष देते.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या संगणकावरून रॅम तपासणारा मोफत प्रोग्राम एका पेन ड्राइव्हवर घेतला आणि लॅपटॉप रात्रभर तपासायला लावला. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग होती. लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली आणि रॅमच्या दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या. मूळची दोन जीबीची पट्टी निर्दोष निघाली. सदोष होती ती चार जीबीची, 2016 साली स्वस्तात मिळाली म्हणून मीच हौसेने बसवलेली. ती काढताच विंडोज पाऊण तासात विनातक्रार बसले.

मग फोटो पाहायला घेतले आणि अंगावर काटा आला. बाहेरच्या डिस्कवर उतरवलेल्या काही फोटोंचा खालचा अर्धा भाग नुसता करडा होता. आईचा चेहरा दिसत होता, हातातले ताट दिसत नव्हते. ती नक्कलही त्याच बिघडलेल्या रॅममधून गेली होती, आणि मी ती उघडून पाहिली नव्हती. बाजूला काढलेली जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून जोडली. मूळ फोटो सगळे जसेच्या तसे होते. माझ्या मनाप्रमाणे ती डिस्क पुसली असती, तर त्यांतले काही कायमचे गेले असते. ज्याच्यावर मी पैसे काढल्याचा आळ घेतला, त्याच्याच सल्ल्याने ते वाचले होते.

संध्याकाळी दुकानात गेलो. गर्दीची वेळ मुद्दाम निवडली. चारचौघांत बोललो होतो, तेव्हा एकांतात माफी मागणे सोयीचे असले तरी पुरेसे नव्हते. सर्वांसमोर म्हणालो, “बाळ, दोष माझ्या यंत्रात होता आणि माझ्या बोलण्यात होता. तुझ्या कामात नव्हता. मला क्षमा कर.” तो संकोचून उभा राहिला. मग म्हणाला, “सर, आधी रॅम तपासायचे मलाही सुचायला हवे होते. कुठे कुठे थांबत होता, ते आकडे दाखवता?”

मी वही पुढे केली. त्याने ते आकडे उतरवून घेतले. नंतर त्याच्याकडूनच चार जीबीची नवी पट्टी घेतली, ती रात्रभर तपासली, आणि लॅपटॉप भाचीच्या मुलीकडे रवाना केला. सोबतच्या चिठ्ठीत तिला ते जुने वाक्य लिहून पाठवले, आणि खाली एक नवे जोडले : नक्कल उघडून पाहिल्याशिवाय मूळ पुसू नये, आणि पडताळून पाहिल्याशिवाय कुणाला दोष देऊ नये.