शेंडीतली शेवटची नोंद

परदेशी पाहुणा मुंबईच्या विमानतळावर उतरतो, पासपोर्टवर शिक्का पडतो आणि त्याला वाटतं, झालं, पोचलो आता भारतात. पण तो रात्री कुठे झोपला, कुणाच्या घरी, किती दिवस राहणार, पुढे कुठे जाणार, ही नोंद विमानतळावर होत नाही. ती आमच्या शेंडी गावात होते, माझ्या हातून. भंडारदऱ्याचं धरण गावाला लागूनच आहे. घरामागच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांसाठी बांधल्या, मुंबई-पुण्याची माणसं येऊ लागली, आणि मग हळूहळू परदेशी पासपोर्टही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडू लागले.

या नोंदीला सगळे फॉर्म सी म्हणतात. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत ती ऑनलाइन भरायची. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, भारतात कधी आणि कुठून आला, त्याच्या देशातला पत्ता, इथला फोन, चेहऱ्याचा फोटो, सगळं त्यात असतं. त्यासाठी घराची आधी नोंदणी करून लॉगिन मिळवावं लागतं. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पोलीस अधीक्षकांकडे असतं आणि आमचं ठाणं राजूरचं. पुष्कळ जणांना वाटतं की हे फक्त हॉटेलांसाठी आहे. तसं नाही. घरगुती मुक्काम, धर्मशाळा, आश्रम, एवढंच काय, अमेरिकेचा नागरिक झालेला सख्खा भाचा तुमच्या घरी उतरला तरी नोंद करायची असते. परदेशी नागरिकांचे कायदे फार जुने होते, एक 1939 चा, एक 1946 चा. ते मोडीत काढून 1 सप्टेंबर 2025 पासून एकच नवा कायदा लागू झाला. त्यातही घरमालकाची ही जबाबदारी कायम आहे.

भंडारदऱ्यात चोवीस तास म्हणजे किती, हे पावसाळ्यात इथे राहिल्याशिवाय कळत नाही. एकदा आषाढात हॉलंडची दोन मुलं संध्याकाळी भिजून चिंब येऊन पोचली आणि रात्री वीज गेली. सकाळी मोबाइलला रेंज नाही, दुपारीही नाही. धुकं इतकं की अंगणातला आंबा दिसेना. मी पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्या आणि दिराला म्हटलं, "भाऊजी, गाडी काढा." रंधा धबधब्याच्या पुढे रस्त्यावर पाणी वाहत होतं. राजूरला एका ओळखीच्या दुकानात बसून फॉर्म भरला, पावती छापून घेतली. परतल्यावर त्या मुलांनी विचारलं, एवढं कशासाठी? भाऊजींनी त्यांना समोरचा डोंगर दाखवला. ते कित्येक वर्षं ट्रेकर्सना घेऊन रतनगडावर आणि साम्रदच्या सांदण दरीत जातात, शोधकार्यालाही गेलेले आहेत. ते म्हणाले, "उद्या तुम्ही वाट चुकलात, तर तुम्ही कोण, तुमच्या आईवडिलांना कुठे कळवायचं, हे पोलिसांना याच कागदावरून कळेल." मला आजवर या फॉर्मचं याहून नेमकं कारण कुणी सांगितलेलं नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की पाहुण्याला मदत करायची ती तो माझ्या दारात येण्याआधी. दारात आल्यावर उशीर झालेला असतो. म्हणून बुकिंग झालं की मी एक पत्र पाठवते. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असू द्या, त्यात दोन पानं कोरी असू द्या. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, कारण तसंच दिसणारी, जास्तीचे पैसे घेणारी संकेतस्थळं भरपूर आहेत. मंजुरीचा कागद छापून बरोबर ठेवा. ऑक्टोबर 2025 पासून परदेशी प्रवाशांना आगमनाचं कार्डही ऑनलाइन भरता येतं, ते निघण्याआधी भरा. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर उतरल्यावर जाहीर करा. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणा. ई-सिगारेट आणू नका, तिच्यावर 2019 पासून बंदी आहे. कुणाला वाटेल की पाहुण्याला येण्याआधीच नियम कसले सांगायचे. मला वाटतं, ज्याच्या घरी माणूस उतरणार, त्यानेच हे सांगितलं पाहिजे.

या पत्रातला सर्वात मोठा परिच्छेद आहे यंत्रांचा, आणि तो एका फ्रेंच जोडप्यामुळे वाढला. ते दोघे मे महिन्याच्या अखेरीस काजवे बघायला येणार होते. त्या दिवसांत इथली हिरडा, बेहडा, सादडा, उंबराची झाडं रात्री अशी लुकलुकतात की शब्दच सुचत नाहीत, आणि त्यासाठी माणसं फार लांबून येतात. आदल्या दिवसांत त्यांना सांदणमध्येही उतरायचं होतं. माझं पत्र वाचून बाईंचा उलट प्रश्न आला: दरीत फोन लागत नाही असं तुम्हीच लिहिता, तर आम्ही आमचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणतो, आणि नवऱ्याचा ड्रोनही आणतो, चालेल ना?

प्रश्न अगदी रास्त होता. युरोपातल्या डोंगरांत असं यंत्र जवळ ठेवणं शहाणपणाचं समजतात, कारण अपघात झाला की एक बटण दाबून मदत मागता येते. पण आपल्याकडे उपग्रह फोन आणि असली यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय आणता किंवा वापरता येत नाहीत. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला करायला समुद्रातून आलेल्यांच्या हातात उपग्रह फोन होता, हे लक्षात घेतलं की या बाबतीतला कडकपणा समजतो. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर असंच छोटं यंत्र सापडलं म्हणून डोंगरात धावणारे परदेशी खेळाडू अडचणीत आले होते. त्यांनी ते चोरून आणलेलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, इतकंच. ड्रोनचंही तसंच. फेब्रुवारी 2022 पासून बाहेरून ड्रोन आणायला मनाई आहे, आणि आमच्याकडे तर एका बाजूला धरण, दुसऱ्या बाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य.

मी त्यांना लिहिलं, दोन्ही घरीच ठेवा, दरीत दोर, वाटाड्या आणि वरच्या टोकाला थांबलेला माणूस, एवढी व्यवस्था आमची. बाईंनी यंत्र काढून ठेवलं. ड्रोन मात्र तोवर नवऱ्याच्या सामानात होता, कारण तो आधी श्रीलंकेला गेला होता आणि माझं उत्तर त्याला तिथे मिळालं. आता काय करायचं? यावर कायद्यातच वाट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. सीमाशुल्क कायदा 1962 चा, त्याचं कलम 80. प्रवाशाने लाल मार्गाने जाऊन वस्तू स्वतःहून खरीखरी जाहीर केली, तर ती जप्त न करता विमानतळावर ठेवून घेऊन देश सोडताना परत देण्याची विनंती करता येते. अट एकच, आधी सांगितलेलं असलं पाहिजे. हिरव्या मार्गाने गुपचूप निघालात आणि पेटीत सापडलं, तर ही विनंती करायला तोंड उरत नाही. त्यांनी लाल मार्ग धरला, पावती घेतली आणि परतताना त्याच विमानतळावर वेळ राखून जाऊन ड्रोन सोडवून घेतला. भंडारदऱ्यात नवराबायको काजव्यांखाली बसून राहिली, हातात कोणतंही यंत्र नव्हतं.

आरोग्याच्या नियमाचा धडा मला नैरोबीच्या एका मराठी कुटुंबाने दिला. आजीला अमृतेश्वराच्या देवळात, रतनवाडीला जायचं होतं, म्हणून तीन पिढ्या एकत्र निघाल्या. केनिया पीतज्वराच्या देशांमध्ये मोडतो. तिथून येणाऱ्याजवळ लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. 2016 च्या जुलैपासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे मोठ्या माणसांची जुनी कार्डं ठीक होती. पण सोबत निघालेल्या पुतण्याने लस निघण्याच्या आठ दिवस आधी घेतली होती. मुंबईहून आजीच्या सुनेचा फोन आला, आवाज रडवेला: "वहिनी, पोराला ठेवून घेतलंय. ताप नाही, काही नाही, तरी सोडत नाहीत."

मी तिला म्हटलं, दोन दिवस थांबा, खोल्या मी कुणाला देत नाही. नियम असा आहे की कार्ड लागू होईपर्यंत, किंवा त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवस, यातलं जे आधी पुरं होईल तोवर विलग ठेवायचं. त्याला दोन दिवस पुरले. त्या काळात मी आमच्या आरोग्य केंद्रातल्या बाईंना विचारलं, एवढी कडक अट का? त्यांनी सांगितलेलं मी तेव्हापासून प्रत्येक पत्रात लिहिते. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, तोच डेंग्यू पसरवतो. टायरात, फुटक्या माठात, झाकण नसलेल्या टाकीत तो आमच्या तालुक्यातही वाढतो. डास आहे, माणसं आहेत, फक्त तो विषाणू अजून देशात नाही. एका आजारी प्रवाशाला इथला डास चावला, तर पुढचं कुणाच्या हातात राहणार नाही. त्या मुलाचे दोन दिवस गेले ते आमच्या गावाच्या जिवासाठी गेले, असं मी त्याला तो आल्यावर सांगितलं. त्याने मान डोलावली आणि नाचणीची भाकरी मागितली.

जाणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. मेलबर्नच्या एक ताई आल्या होत्या, त्यांचं आजोळ अकोले तालुक्यातलं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे ताईंनी वाचलेलं होतं. आजीच्या परसातला घेवडा मेलबर्नच्या अंगणात लावायचा, अशी त्यांची फार इच्छा. माझ्या सासूबाईंनी मूठभर बी फडक्यात बांधूनही दिलं. मला मधे पडावं लागलं. ऑस्ट्रेलियाचे बियाणं आत आणण्याचे नियम अतिशय कडक आहेत, आणि परदेशी नागरिकाने इथलं बियाणं बाहेर नेण्यावर आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याचंही बंधन आहे. सासूबाईंना वाईट वाटलं, मलाही वाटलं. लेकीला माहेरचं बी देता येऊ नये, ही गोष्ट मनाला पटत नाही. पण बियाबरोबर कीड जाते, रोग जातो, आणि आमचं गावरान वाण उद्या कुणी बाहेर नेऊन त्यावर हक्क सांगावा, हेही मला नको आहे. ताईंनी ते बी सासूबाईंच्या परसात स्वतःच्या हातांनी लावलं. त्यांच्या मुलीने रतनवाडीच्या वाटेवर उचललेलं मोरपीसही मी ठेवून घेतलं, कारण मोरपीस देशाबाहेर न्यायला मनाई आहे. ती पोर रडली. विमानतळावर रडण्यापेक्षा अंगणात रडलेलं बरं.

भंडारदरा, मुरशेत, रतनवाडी, साम्रद इथे घरगुती मुक्काम चालवणाऱ्या माझ्या सगळ्या भावाबहिणींना माझं एवढंच सांगणं आहे. पहिला परदेशी पाहुणा येण्याची वाट बघू नका, आजच नोंदणी करून लॉगिन घेऊन ठेवा. बुकिंग आलं की यंत्रांचं, लशीचं, औषधांचं आणि बियाण्यांचं पत्र त्याच दिवशी पाठवा. नियम बदलतात, म्हणून दर हंगामाच्या आधी सरकारी संकेतस्थळ एकदा उघडून बघा. पत्राचा मजकूर ज्याला हवा असेल त्याने शेंडीला यावं, मी लिहून देईन.